नाय बोल्ला, म्हंजे येनार

आमच्या कंपनीत माझी पत एका शब्दावर टिकून होती आणि तो शब्द म्हणजे 'नाही'. फुशारकी मारत नाही, खरंच सांगतो. मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळ्यात बसतात त्या चिपा बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी उभा जन्म काढला. नवा कारखाना कुठे उभारायचा हे ठरवणारा विभाग शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे होता. या धंद्यात एका कारखान्याला लागणारा पैसा ऐकला तर भल्याभल्यांना घाम फुटतो. चुकीच्या जागी पाया घातला, तर तो कारखाना हलवता येत नाही, कुणाच्या गळ्यातही मारता येत नाही, तो कंपनीला घेऊनच बुडतो. जागा दाखवायला ढीगभर लोक येतात. 'ही नको' असं तोंडावर सांगणारा एक माणूस लागतो, आणि तो मी होतो.

आमचे मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे प्रमुख, परदेशात बसायचे. परदेशीच माणूस, वयानं माझ्या थोरल्या भावाच्या बरोबरीचा, बोलायला कंजूष. त्यांच्या बैठकीची एक रीत होती. ज्याच्याकडे वाईट बातमी असेल त्यानं आधी बोलायचं, चांगल्या बातम्या चहा झाल्यावर. एखादा नवा हौशी माणूस रंगीत चित्रं लावून सुरुवात करायचा, तर साहेब हात वर करून म्हणायचे, 'ते राहू दे. बिघडलंय काय ते सांग.' आमचा माल तयार व्हायला महिने लागतात. सुरुवातीला झालेली बारीकशी चूक कुणी दाबून ठेवली, तर ती कळेपर्यंत मागचा सगळा माल भंगारात गेलेला असतो. त्यामुळे वाईट बातमी आणणाऱ्याला आमच्याकडे मान होता, आणि लपवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खुर्ची नसायची.

त्यांचा दुसरा नियम असा, की ज्यांना नकार द्यायचा त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. कागद पाठवून मोकळं व्हायचं नाही. विभागाच्या प्रमुखानं स्वतः जायचं, समोर बसायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. मी हे किती गावांत, किती देशांत केलं असेल. लोक रागवायचे, पाणी न विचारता उठून जायचे, पण माझा शब्द खरा मानायचे. नकार दिला की विषय संपायचा.

मग एका वर्षी आमच्यापुढे जी ठिकाणं आली, त्यांत पेण आणि रोह्याच्या मधला एक माळ निघाला. मी नकाशावर बोट ठेवलं आणि माझंच बोट मला परकं वाटलं. तिथून माझं गाव कितीसं लांब? पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. मी साहेबांना लगेच सांगितलं, हा माझा तालुका आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, 'उलट तूच जा. तिथे तुला कुणी फसवू शकणार नाही.' एवढा हुशार माणूस, पण आमचा तालुका त्यांनी बघितला नव्हता.

कंपनीनं मला रोह्यात नदीच्या बाजूला एक फ्लॅट घेऊन दिला. माझी बायको त्याच्या आधी काही वर्षं वारली होती. मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी यायचा आणि तिच्याकडची पोरं मागे ओरडत असली की लवकर संपायचा. मुंबईचं घर मला नकोसं झालं होतं, म्हणून रोहा मी आनंदानं घेतलं. दिवसभर माळावर, संध्याकाळी नदीकाठी एक चक्कर, मग डबेवाल्या बाईंचा डबा एकट्यानं उघडायचा. साहेब म्हणवून घेणाऱ्या माणसाला शेजारी कुणी हाक मारत नाही, नुसता नमस्कार करतात. फार एकटं वाटायचं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, कारण बोलायला होतं कोण?

होती ती एक वहिनी, आणि ती गावात. माझी आई मी लहान असताना गेली, आणि दादाच्या लग्नात वहिनी घरात आली तेव्हा मी तिच्या पदराला लोंबकळणाऱ्या वयाचा. भावोजी वगैरे तिनं मला कधी म्हटलंच नाही, 'बाला' म्हणायची, अजून म्हणते. दादा मिठागरावर राबून राबून गेला. एकुलता एक मुलगा, माझा पुतण्या, गल्फमध्ये. शेजारच्या मोहल्ल्यातला त्याचा शाळासोबती आधी तिकडे गेला होता, त्यानं याला चिकटवून घेतलं. तेलाच्या टाक्यांची देखभाल करायचा. काम चांगलं होतं, पण दोन वर्षांनी एकदा घरी येणं, आणि आला की अर्धी सुट्टी मुली बघण्यात. मुलीकडचे घर बघायचे, पोरगा बघायचे आणि म्हणायचे, गल्फवाला नको.

रोह्यात आल्यावर मी पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा वहिनी ओटीवर सुकट निवडत बसली होती.

"आयलास? हातपाय धू, आदी जेव."

जेवण झालं. मग पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "कंपनी येनार काय रं, बाला?"

"अजून मोजतोय, वयनी. इतक्यात कसं सांगू?"

"आयली, तं पोराला घेशील?"

"आली तर घेईन. माझ्या ओळखीची गरज नाही, त्याचं कामच तसं आहे."

हे मी खरं बोललो. अशा कारखान्यात टाक्या, नळ्या, वायू सांभाळणारी माणसं सोन्याच्या भावानं शोधावी लागतात. वहिनी पुन्हा सुकट निवडायला बसली. पण निघताना तिनं मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं, आणि मी गाडीत बसल्यावर म्हणाली, "माजं वय जालं आता. घरात मानूस पायजे." तेवढ्यावर मला कळलं की ती कंपनीकडे काय मागतेय. तिला नोकरी नको होती, जमिनीला भाव नको होता. तिला तिचा मुलगा रात्रीच्या जेवणाला घरात हवा होता.

आणि मला काय हवं होतं, तेही सांगून टाकतो. मलाही ती जागा हवी होती. कारखाना झाला असता तर मी निवृत्तीपर्यंत इथेच राहिलो असतो, आणि नंतरही राहिलो असतो. पुतण्या हाताशी, वहिनी जवळ. एकट्यानं डबा उघडणं संपलं असतं. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या जागेला 'हो' म्हणायला निघालो होतो.

पण जागेला आपली नाती कळत नाहीत. चिपेवर ज्या रेघा काढतात त्या इतक्या बारीक, की त्यांच्यापुढे केस म्हणजे वडाचं खोड. यंत्र रेघ काढत असताना जमीन जराशी जरी हलली तरी रेघ चुकते. कपातला चहा हलणार नाही एवढ्या कापऱ्यानंसुद्धा. आम्ही माळावर खड्डे घेतले आणि त्यांत जमिनीची थरथर मोजणारी यंत्रं ठेवली. वरून माळ कसा, दगडासारखा टणक. खाली मात्र खाडीनं कधीकाळी आणून टाकलेला चिखल. वडखळकडे वळणारे मोठमोठे ट्रेलर, कोकण रेल्वेच्या मालगाड्या, सगळ्यांची थरथर तो चिखल लांबून उचलून आणायचा. विजेचं दुसरं दुखणं होतं. घरातला पंखा जेमतेम अडखळेल एवढी वीज गेली, तरी आमच्याकडे काही आठवड्यांचं काम कचऱ्यात जातं. त्यावर पैसे टाकून उपाय आहे. चिखलावर नाही.

मी यंत्रं जागा बदलून ठेवली. पुन्हा ठेवली. माझ्या हाताखालची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली, कारण मी आकड्यांशी भांडणारा माणूस नव्हे. शेवटी साहेबांसमोर बैठक झाली. रिवाजाप्रमाणे वाईट बातमी आधी, म्हणजे मीच आधी. मी सांगितलं, ही जागा नको. कारणं सांगितली. पडद्यावर साहेबांनी नकाशा पुढ्यात ओढला.

"तुझं गाव आहे ना ते?"

"हो."

"मग तू नको म्हणतोयस म्हणजे प्रश्नच मिटला," ते म्हणाले, आणि पुढच्या ठिकाणाकडे वळले. माझ्या एका शब्दावर सगळ्या जगात पसरलेल्या कंपनीनं आपला रस्ता बदलला. मान म्हणतात तो हाच असेल.

नियमाप्रमाणे त्याच आठवड्यात गेलो. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आसपासच्या गावची मंडळी जमली होती. चहा आला, भजी आली. मी सरळ बोललो. कंपनी इथे येणार नाही. जमीन चांगली आहे, माणसं चांगली आहेत, पण खालचा चिखल आम्हाला चालत नाही. कुणी आशेवर राहू नका, कुणी कर्ज काढू नका, कुणी नोकरी सोडू नका. 'नोकरी सोडू नका' हे मी दोनदा म्हणालो, कारण वहिनी बायकांमध्ये मागे बसली होती.

राग येईल, आरडाओरडा होईल असं मी धरून चाललो होतो. तसलं काही झालं नाही. मंडळी शांतपणे ऐकत होती, मग एकेकाच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं. आमच्याच गावातला एक जमिनीचा एजंट आहे, माझ्यापेक्षा बराच लहान, पांढऱ्या कपड्यांतला. तो उठून मला हात जोडत म्हणाला, "समजलो साहेब. तुमचा पण नाइलाज हाय." आणि मागून एक म्हातारा अगदी प्रेमानं म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं लपवतंय आपलंच पोर." सगळे हसले. मी काय सांगून बसलोय ते माझं मलाच कळेना.

वहिनीच्या घरी गेलो. तिनं खीर केली होती.

"वयनी, खीर कशाला?"

"नाय बोल्लास ना," ती म्हणाली, "म्हंजे येनार."

मी ताट बाजूला सारलं. "अगं, नाही म्हणजे नाही. मी स्वतः नाही म्हटलंय, माझ्या तोंडानं."

"तुझ्या भावाला पन तो सायेब असाच बोल्ला व्हता. डोल्यांत बघून बोल्ला व्हता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दादाची वडखळच्या वाटेवर एक बरी जमीन होती. रस्ता रुंद होणार अशी आवई उठली, तेव्हा ओळखीच्या एका साहेबाला दादा विचारायला गेला. त्यानं शपथेवर सांगितलं, इकडून काही जात नाही, येईल तो भाव घे. दादानं विकली. वर्ष सरायच्या आत तिथून रस्ता गेला आणि घेणारा गब्बर झाला. हे काही एकट्या दादाचं झालं नाही. आमच्याकडे घरटी अशी एक गोष्ट आहे. उलट ज्या ज्या प्रकल्पाचे बॅनर लागले, नारळ फुटले, 'येतोय, येतोय' म्हणून भाषणं झाली, त्यांतला एकही आला नाही. एवढ्या वर्षांत लोकांनी आपलं एक गणित बसवून घेतलंय. जो येतो म्हणतो, तो येत नाही. जो नाही म्हणतो, तो येतो आणि जमीन घेऊन जातो. आणि हे गणित अडाणीपणाचं आहे असं मला म्हणता येईना, कारण त्यांच्यापुरतं ते बरोबरच ठरत आलं होतं.

मग माझी जी फजिती सुरू झाली ती विचारू नका. मी जितकं नाही म्हणावं तितकी बातमी पक्की होत गेली. पेणच्या बाजारात भाजी घेताना कुणी विचारलं आणि मी वैतागून बोललो, तर 'साहेब चिडले, म्हणजे जवळ आलंय.' हसून सांगितलं, तर 'साहेब खुशीत आहेत.' एकदा ठरवलं की तोंडच उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी एजंट म्हणाला, "आता वरून बोलायला बंदी आलेली दिसते." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण इथे घडा सरळ होता, पाणीच उलटं चढत होतं.

आमची यंत्रं काढून न्यायला गाडी आली, त्या दिवशी तर कहर झाला. मोजणी संपली म्हणजे जागा पास झाली, असा अर्थ लावून पोरांनी बेंजो आणला. ज्या खड्ड्यांत मी जमिनीची थरथर मोजत बसलो होतो, त्यांच्याभोवती ती धरणी हादरवत नाचली. कुणीतरी माझ्या कपाळाला टिळा लावला, गाडीच्या चाकापुढे नारळ फोडला. माझ्या हाताखालच्या बाहेरगावच्या पोरीनं मला हळूच विचारलं, "सर, यांना सांगितलं नाही का?" मी तिला म्हटलं, गाडीत बस.

पुतण्याला मी मुद्दाम फोन केला. वहिनीच्या तोंडून भलतंच काही जाऊ नये म्हणून. म्हणालो, "नीट ऐक. कंपनी येत नाहीये. तू नोकरीला हात लावू नकोस."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "काका, समजलो. फोनवर नको."

"अरे, फोनवर नको काय? मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय, खरंच. मी कुनाला नाय बोलत." आणि त्यानं फोन ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही. मी कंपनीचं रेकॉर्डिंग चुकवून त्याला इशारा देतोय, अशी त्याची समजूत झाली होती. रोह्याच्या त्या फ्लॅटमध्ये मी फोन हातात घेऊन बसलो होतो. जगात माझ्या नकारावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं होती, पण त्यांतलं एकही माझ्या रक्ताचं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

त्यातच साहेबांनी मला कंपनीच्या संचालक मंडळावर घेतलं. कारण काय, तर मी स्वतःच्या गावाला नाही म्हणू शकलो. 'याच्यावर कंपनी सोपवता येते,' असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. बातमी मराठी पेपरात फोटोसकट आली. दोन दिवसांत पेणच्या नाक्यावर माझा भला मोठा बॅनर, गॉगल लावलेल्या दहा-बारा जणांच्या फोटोंच्या वर माझा फोटो, आणि खाली 'भूमिपुत्राचे हार्दिक अभिनंदन'. मी एजंटला सांगून तो काढायला लावला. तो काढला, आणि लोकांनी काढण्याचाही अर्थ काढला. पण तोवर बॅनरचा फोटो गल्फमध्ये पोहोचला होता.

पुतण्या नोकरी सोडून आला. मला आधी कुणी सांगितलंच नाही, मी रविवारी गावात गेलो तर हा ओटीवर बसून वहिनीच्या हातची तळलेली मांदेली खात होता. वहिनीचं तोंड असं उजळलेलं, की दादा गेल्यापासून मी तसं पाहिलं नव्हतं. मी दारातच उभा राहिलो. राग तर आला होता, पण कुणावर रागवावं ते कळत नव्हतं.

"तुला मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलंत म्हनूनच आलो ना, काका," तो म्हणाला. चेष्टा नव्हती ती, तो मनापासून माझे आभार मानत होता.

मी खाली बसलो. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, चिखल, ट्रेलर, मालगाड्या. त्याचा घास हातातच राहिला. मला वाटतं त्याला त्या वेळी कळलं. तो यंत्रांतला माणूस, थरथर म्हणजे काय ते त्याला समजत होतं. वहिनी मात्र आत जाऊन त्याला आणखी भात घेऊन आली.

पुढे कंपनीनं दुसऱ्या राज्यातली जागा जाहीर केली. टीव्हीवर मंत्री, हस्तांदोलनं, सगळं. गावात कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एजंट समोरून येताना दिसला तर रस्ता बदलायचा. ज्या म्हाताऱ्यानं मला आपलं पोर म्हटलं होतं, त्यानं मान वळवली. आता त्यांच्या मते मी खोटारडा नव्हतो, त्याहून वाईट होतो. माझ्या बोलण्याचा अर्थ कुठल्याच बाजूनं लागत नाही, असा माणूस.

वहिनी माझ्याशी बोलली, पण एकदाच. "तू येनार बोल्ला असतास ना, बाला," ती म्हणाली, "तं आमी समजलो असतो, नाय येनार."

त्या दिवसापासून तिनं मला काही विचारणंच बंद केलं. गेलो की ताट वाढायची. ख्यालीखुशाली नाही, कंपनी नाही, काही नाही.

पुतण्याला रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत काम मिळालं, कंत्राटदाराच्या हाताखाली, शिफ्टचं. गल्फच्या मानानं पगार किरकोळ. गावातून येणं-जाणं जमेना, म्हणून तो माझ्या फ्लॅटवर राहायला आला; माळाचं काम संपलं तरी मी मुंबईला परतलो नव्हतो, फ्लॅट स्वतःच्या पैशानं ठेवला होता. ते महिने माझे फार चांगले गेले. स्वार्थी बोलतोय, पण खरं आहे. दाराशी त्याचे बूट दिसायचे. सेकंड शिफ्ट असली की सकाळी दोघं नदीवर फिरायला जायचो, तो मला टाक्यांच्या गमतीजमती सांगायचा. कधी भाजी तिखट केली म्हणून मी ओरडायचो, तो म्हणायचा, काका, तुमच्या जिभेला कंपनीनं साफ करून टाकलंय. रविवारी दोघं गावी. वहिनीला आठवड्यातून एकदा तरी तो मिळत होता. मी मनात म्हणायचो, असंच चालू दे.

पण तो खचत चालला होता, आणि ते मला दिसत होतं. कंत्राट दर काही महिन्यांनी तुटायचं आणि पुन्हा जोडायचं. एक स्थळ जमत आलेलं, कंत्राटी म्हटल्यावर मोडलं. गल्फवाला नको म्हणणारे आता कंत्राटवाला नको म्हणू लागले. मी साहेबांना न सांगता त्याला आमच्या नव्या कारखान्यात लावू शकलो असतो. त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, "ते पन लांबच ना, काका. लांबच जायचं तं जिथं पैशे जास्त तिथं जाईन." मोहल्ल्यातला मित्र सुट्टीवर आला तेव्हा दोघांचं बोलणं झालं, आणि त्याच्या ओळखीनं पुन्हा गल्फ ठरलं. आधीची जागा भरली गेली होती. ही हलकी होती, आणि करार लांबचा.

निघायच्या दिवशी मी सकाळीच गावात गेलो. वहिनीनं सुकट, बोंबील, पापड, लोणचं बांधून दिलं. विमानात चालणार नाही म्हणून त्यानं अर्धं बाहेर काढलं, तिनं ते पुन्हा आत कोंबलं. मित्र गाडी घेऊन आला, वहिनीच्या पाया पडला, 'चाची, मी हाय ना' म्हणाला. पुतण्यानं मला वाकून नमस्कार केला. त्याला मिठी मारावी असं फार वाटलं. मारली नाही, आमच्यात कुणी मारत नाही.

गाडी गेल्यावर वहिनी ओटीवर बसली. मी शेजारी बसलो. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "येल ना रं परत?"

कित्येक महिन्यांनी तिनं मला काहीतरी विचारलं होतं. विचार करायलाही मी थांबलो नाही.

"येईल, वयनी. येणारच."

ती माझ्याकडे वळली. नीट बघितलं माझ्याकडे, लहानपणी ताप आला की बघायची तसं. मग मान हलवून उठली आणि आत गेली. मी ओटीवरून बघत होतो. खुंटीला त्याचे दोन शर्ट आणि एक पँट राहिली होती. तिनं ती काढली, एकेकाची घडी घातली, आणि जुन्या ट्रंकेत अगदी तळाशी ठेवायला लागली.

"वयनी, खरंच येईल," मी म्हणालो.

"व्हय," ती आतून म्हणाली, आणि कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकून तिनं ट्रंकेला कडी घातली.